शेतातलं जेवण अन् बांधावरचा बाजार: येण्याआधी लोक जे जे विचारतात ते सगळं

व्हॉट्सअपवर दिवसभर तेच प्रश्न येतात, टाइप करून करून अंगठा दुखतो, म्हणून सगळं एकदाच इथं लिहून ठेवतोय. क्रम काही लावलेला नाही. पण वाचून या, म्हणजे एप्रिलमध्ये येऊन "भरीत नाही का हो?" असं व्हायचं नाही.

हे हॉटेल आहे, ढाबा आहे की शेत?

शेतच आहे, तिथंच जेवायला वाढतो. जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यात आहे, उत्तरेला सातपुडा दिसतो, दक्षिणेला तापी. जास्तीची जमीन केळीखाली, बाकीच्या तुकड्यांत वांगी, मिरची, मेथी, पोकळा, गिलके, कांदा-लसूण असं त्या त्या दिवसांत जे लागतं ते, अन् रब्बीला दादर ज्वारी. मधोमध चुली अन् पत्र्याचं शेड. स्वयंपाक आमची आई, काकू अन् गावातल्या बाया करतात, आचारी ठेवलेला नाही. रस्त्याच्या कडेला शनिवार-रविवार सकाळी बाजार भरतो, त्यात आमचा माल असतो अन् आजूबाजूच्या शेतकऱ्यांचाही, अन् दुपारी ताटात जे पडतं ते बहुतेक सकाळी त्याच बाजारातून उचललेलं असतं. मधल्या वारी बाजार नसतो तेव्हा शेजारपाजारच्या शेतातून थेट चुलीपाशी येतं.

मेनू कार्ड पाठवा ना प्लीज

कार्डच नाही हो. सकाळी काकू टोपली घेऊन बाजारात एक चक्कर मारते, गिलके कोवळे दिसले तर गिलके, कुणाच्या गंगाफळाचा वेल तोडायला आला असेल तर गंगाफळ, अन् कुणाचा पोकळा राहिलाच असेल तर तो तर घ्यावाच लागतो कारण दुपारपर्यंत तो मान टाकतो. मग अकराच्या सुमारास फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं लिहितो अन् तोच फोटो स्टेटसला टाकतो. पोरं विचारतात, "आज काय शे?" तर फळा बघायचा. थाळी एकच, दोन भाज्या, दाळ किंवा कढी, भाकरी, ठेचा, कांदा, ताक, अन् ज्या दिवशी गोड असेल त्या दिवशी गोड. भाव फळ्यावरच लिहिलेला असतो.

"पनीर होईल का?" याचं उत्तर नाही असं आहे.

भरीत बारा महिने का नाही ठेवत? बाकीचे तर ठेवतात.

ठेवू देत. हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडचं भरिताचं वांगं वेगळं असतं हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, पण पुण्या-मुंबईची मंडळी जांभळं काळपट वांगं डोळ्यासमोर ठेवून येतात म्हणून सांगतो. आपलं वांगं फिक्कट हिरवं, अंगानं मोठं, साल पातळ, बिया कमी अन् गर भरपूर. बामणोद अन् आसोदा या गावांचं नाव त्यासाठीच आहे. २०१६ मध्ये या जळगावच्या भरीत वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीला पण मिळालं. हे वांगं थंडीत खुलतं. दिवाळीच्या आसपास सुरू होतं, डिसेंबर-जानेवारीत बाजारात ढीग लागतात, फेब्रुवारीच्या पुढं ऊन चढलं की बिया वाढतात, गर कडक व्हायला लागतो, कडवटपणा येतो. उन्हाळ्यात मिळतं ते वांगं असतं, त्याचं भरीत होतं पण ते भरीत खाऊन तुम्ही घरी जाऊन सांगणार की खान्देशात खाल्लं पण काही विशेष नव्हतं. त्यापेक्षा नकोच.

शिवाय आपल्याकडं बऱ्याच घरांत चातुर्मासात कांदा-वांगं वर्ज्य असतं. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग खरा सीझन मोकळा होतो, त्या दिवशी इथं पाय ठेवायला जागा नसते, आधी फोन न करता आलात तर उभं राहावं लागेल.

भाजायचं कसं, तर पऱ्हाट्यांवर. कपाशी उपटल्यावर ज्या वाळलेल्या काड्या राहतात त्या. वांग्याला टोचून तेलाचा हात लावायचा, काड्यांचा जाळ करून त्यात वांगी टाकायची अन् फिरवत राहायचं, साल काळी ठिक्कर पडते अन् देठाजवळ बोट लावलं तर आत जातं तेव्हा झालं समजायचं. गॅसवर वांगं भाजलं जातं, पण तो धुराचा वास येत नाही. मग गरम गरम सोलायचं, बोटं पोळतात, बाया शेजारी पाण्याचं भांडं ठेवून बसतात. गर लाकडी भांड्यात लाकडी मुसळानं ठेचायचा, सोबत भाजलेल्या हिरव्या मिरच्या अन् लसूण. मिक्सर लावला की त्याचा गिळगिळीत लगदा होतो, धागा राहत नाही. वरून तेलात जिरं, लसूण, अख्खे शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. तेल दिसायला जास्त वाटेल, ते तसंच असतं.

सोबत कळण्याची भाकरी. लग्नात पुऱ्या असतात, इथं पण मागितल्या तर करून देतो, पण भाकरी खाऊन बघा.

कळणा म्हणजे नक्की काय? ज्वारीच ना?

ज्वारी अन् सालासकट उडीद एकत्र दळलेलं पीठ, दळतानाच त्यात थोडं मीठ. आमच्याकडं चार वाटे ज्वारीला एक वाटा उडीद धरतात, दुसऱ्या घरी जरा वेगळं असेल. उडदामुळं भाकरीला चिकटपणा येतो, ती मऊ होते, अन् रंग करडा दिसतो म्हणून घाबरू नका. ज्वारी शक्यतो दादर वापरतो, ही आपल्या काळ्या जमिनीतली रब्बीची ज्वारी, पाऊस संपल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर येते. दाणा टपोरा, चव गोड. बाजारात दादरीचं अन् कळण्याचं दोन्ही पिठं मिळतात, पण महिनाभराचं नेऊ नका, पंधरा दिवसांचं न्या, ज्वारीचं पीठ जुनं झालं की कडवट होतं अन् भाकरी थापताना चिरते अन् मग फोन येतो की तुमचं पीठ खराब होतं.

उन्हाळ्यात मग यायचं की नाही?

या ना, पण ऊन लक्षात ठेवून. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो, दुपारी दोनला मुलांना घेऊन शेत बघायला निघालात तर आम्हीच परत पाठवू. मार्चच्या शेवटापासून जूनपर्यंत दुपारचं जेवण बंद असतं, फक्त संध्याकाळी साडेसातनंतर, खाटा टाकून, उघड्यावर.

उन्हाळ्याची मजा आखाजीला आहे. अक्षय तृतीयेला आपल्याकडं सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी, अन् जेवायला आमरस अन् खापरावरची पुरणपोळी, म्हणजे मांडे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: कणीक खूप तिंबून सैल करतात, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घेऊन झेलत झेलत वाढवतात, पोळी मनगटापासून कोपरापर्यंत येते तरी फाटत नाही, अन् मग चुलीवर उपडं घातलेल्या मातीच्या खापरावर टाकतात. लाटणं-पोळपाट काही नाही. हे काम सगळ्यांना येत नाही, आमच्याकडं तीनच बायांना येतं, म्हणून मांडे फक्त आखाजीच्या आठवड्यात अन् आगाऊ सांगितलं तरच. ऐनवेळी "दोन मांडे पॅक करा" असं होत नाही.

शिवाय उन्हाळा हा पापड-कुरडयांचा मोसम. सकाळी लवकर आलात तर कुरडयांचा गव्हाचा चीक गरम गरम वाटीत घालून देतो, तेल टाकून घ्या किंवा दूध-साखर. आठ वाजेनंतर तो संपलेला असतो. ज्वारीचे बिबडे (पापडाचाच प्रकार) बायका पहाटे थापतात, ऊन चढायच्या आत, अन् दिवसभर ते वाळत पडलेले असतात, त्यांवरून कुणाचा पाय गेला तर काकू बोलते, मी काही मध्ये पडत नाही.

अन् पावसाळ्यात?

पावसाळ्यात रानभाज्या. कटुर्ले (करटोली), तरोटा, अंबाडी, चिवळी. सातपुड्यातून पावरा अन् भिल्ल भाऊ-बहिणी कटुर्ले घेऊन बाजारात बसतात, माल थोडा असतो अन् दीड तासात संपतो. इथं एक विनंती आहे, त्यांच्याशी भाव करू नका. डोंगर चढून काट्यातून एक एक फळ तोडून आणलेलं असतं, शंभर रुपयांत दहा रुपये कमी करून तुम्हाला काय मिळणार आहे?

बाकी पावसाळ्यात वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी (हो, या जातीची वांगी वेगळी, भाजीची, पावसाळ्यात मिळतात), कढी-फुणके, पाटोडीचा रस्सा. फुणके म्हणजे तुरीची दाळ भिजवून जाडसर वाटून, मिरची-लसूण-कोथिंबीर घालून मुटके करून वाफवलेले, कढीत कुस्करून खायचे. माझं विचाराल तर भरितापेक्षा पण मला फुणके आवडतात, पण फुणक्यांसाठी कुणी गाडी काढून येत नाही.

सगळं खरंच इथलंच असतं का?

नाही. खोटं कशाला सांगू. सुकं खोबरं इथं होत नाही अन् काळा मसाला, शेवभाजी, पाटोडीचा रस्सा खोबऱ्याशिवाय होत नाहीत. मीठ, साखर, चहा, मिरी-लवंग-दगडफूल बाहेरचंच. तांदूळ अन् तुरीची दाळ नवापूर भागातून येते, तिथल्या तूरदाळीला पण जीआय आहे. लाल मिरची नंदुरबारची, तिथला मिरचीचा बाजार मोठा आहे, वर्षाची एकदम आणून वाळवून ठेवतो. आमची मिरची आम्ही हिरवीच वापरतो. शेंगदाणा तेल तालुक्यातल्याच एका लाकडी घाण्यावरून.

भाजीपाला, ज्वारी, उडीद, केळी, दूध-ताक हे मात्र पायी जाऊन येता येईल एवढ्या अंतरातलं. कुणाच्या शेतातलं काय, ते फळ्यावर भाजीच्या पुढं लिहितो, आडनाव नाही लिहीत, गावाचं नाव लिहितो.

सेंद्रिय आहे का? सर्टिफिकेट आहे?

आमच्या भाजीपाल्याच्या तुकड्याला गटामार्फत पीजीएस चालू आहे, अजून रूपांतराच्या काळातलं. केळी सेंद्रिय नाहीत, ठिबकमधून विद्राव्य खत जातं, हे सरळ सांगतो. बाजारातल्या बाकी शेतकऱ्यांचं ज्याचं त्यानं सांगायचं. माहिती म्हणून सांगतो की सर्टिफिकेट दोन प्रकारचं असतं, एनपीओपी, ज्यात बाहेरची संस्था येऊन तपासते, अन् पीजीएस, ज्यात शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची शेतं तपासतो. दोन्हीकडं रासायनिक बंद केल्यावर लगेच कागद मिळत नाही, पिकाप्रमाणं दोन ते तीन वर्षं थांबावं लागतं. तेव्हा कुणी "गेल्या वर्षीपासून सेंद्रिय" असा बोर्ड लावला असेल तर कागद बघायला मागा. इथं सुद्धा मागा. अन् कागद नसूनही फवारणी न करणारे शेतकरी असतात, त्यांना ओळखायचं असेल तर शेतात जा, बांधावर औषधाच्या बाटल्या पडल्यात का बघा. आमच्या बाजाराचा नियम एवढाच आहे की फवारलं असेल तर कधी फवारलं ते गिऱ्हाइकानं विचारल्यावर खरं सांगायचं.

बाजारात भाव कोण ठरवतं? मंडीपेक्षा स्वस्त का नाही?

लोकांची अपेक्षा अशी असते की शेतावर आलो म्हणजे निम्म्या भावात मिळालं पाहिजे. भाऊ, तसं नसतं.

समजा वांगी आडतीत, म्हणजे मंडीत दलालाकडं, गेली तर शेतकऱ्याला जो भाव मिळतो त्यातून गाडीभाडं, हमाली, पोतं-क्रेट जातं. तेच वांगं शहरात हातगाडीवर तिप्पट भावानं विकलं जातं. आमच्या बाजारात भाव या दोन्हीच्या मधला असतो. सकाळी साडेसहाला शेतकरी जमतात, आदल्या दिवशी आडतीत काय भाव निघाला अन् शहरात हातगाडीवर काय चाललंय ते बघून मधला आकडा ठरवतात, फळ्यावर लिहितात, मग त्या दिवशी त्याच्या खाली-वर कुणी विकत नाही. म्हणजे तुम्हाला शहरापेक्षा कमी अन् शेतकऱ्याला आडतीपेक्षा जास्त. कधी कधी भाव पडलेला असतो तेव्हा कोथिंबीर, मेथी अक्षरशः वाटायची पाळी येते, तेव्हा घेऊन जा, पण टंचाई असताना आठवण करून देऊ नका की मागच्या वेळी फुकट दिली होती.

कायद्याचं विचारणारेही असतात. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळं शेतकऱ्याला आवाराबाहेर थेट विकता येतं. काटे सगळे इलेक्ट्रॉनिक अन् शिक्का मारलेले आहेत, तरी शंका आली तर फाटकाशी आमचा काटा आहे, त्यावर परत मोजून घ्या, कुणाला राग येत नाही.

घासाघीस करता येते का, तर नाही. मूठभर मिरच्या वर टाकून मागा, त्या मिळतात.

केळी पावडरवर पिकवलेली असतात का?

ती पावडर म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. तिच्यावर फळं पिकवायला बंदी आहे, अन् आम्ही वापरत नाही. मोठे व्यापारी रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन गॅसवर पिकवतात, त्याला ठरावीक प्रमाणात, १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे, अन् त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फळ पिकताना स्वतःच इथिलीन सोडतं. आम्ही विकायची केळी नुसती अंधाऱ्या खोलीत पोत्याखाली ठेवतो, मध्ये एक-दोन पिकलेल्या फण्या, चार-सहा दिवसांत येतात. त्यामुळं सगळ्या फण्या एकसारख्या पिवळ्याधमक नसतात, देठाला हिरवट अन् सालीवर ठिपके असतात. ठिपकेवालं गोड लागतं.

अन् हा प्रश्न पण येतो की एवढी केळी पिकते तर चांगली केळी गावात मिळत का नाही. चांगला माल कटाई झाली की थेट ट्रकमध्ये जातो, उत्तरेत नाहीतर परदेशात, २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीतून जीआयवाली २२ टन केळी दुबईला गेली होती. मागं राहते ती वापसी, म्हणजे आकारानं लहान, डाग पडलेली, वाकडी. ती कवडीमोलानं जाते, कधी कधी बांधावर फेकावी लागते. खायला तीत काहीच फरक नसतो. आम्ही वापसीच विकतो अन् तिचेच वेफर्स तळतो, तुमच्या समोर, कच्ची केळी थेट कढईवर किसून. मीठ-मिरीचे घ्या, मसाल्याचे घेऊ नका, मसाल्यानं केळीची चव मरते.

मृगबाग अन् कांदेबाग हे शब्द बाजारात कानावर येतील, पहिली लागवड जून-जुलैची, दुसरी ऑक्टोबरच्या पुढची. म्हणून माल जवळजवळ वर्षभर असतो.

तिखट किती असतं? मुलं खातील का?

तिखट असतं. शेवभाजीचा रस्सा लाल नाही काळा असतो, तो बघून लोक समजतात कमी तिखट आहे अन् मग ताक मागवतात. लहान मुलांसाठी वरण, बट्टी अन् तूप वेगळं ठेवतो, सांगितलं की मिळतं. शेवभाजीत शेव आम्ही वाढतानाच टाकतो, आधी टाकली की तिचा गाळ होतो, तेव्हा ताट आलं की फोटो काढत बसू नका.

जैन जेवण?

आदल्या दिवशी सांगा. नुसतं कांदा-लसूण काढून भागत नाही, वांगं पण बऱ्याच जणांना चालत नाही अन् आमचं अर्धं दुकान वांग्यावर आहे, त्यामुळं भांडी वेगळी, भाजी वेगळी, हे आयत्या वेळी नीट जमत नाही. सांगून आलात तर गिलके, कढी, बिनलसणाचे फुणके, वरण-बट्टी असं छान होतं.

उपासाचं? एकादशीला भगर अन् शेंगदाण्याची आमटी.

नॉनव्हेज? ड्रिंक्स?

दोन्ही नाही. काळं मटण जिल्ह्यात जागोजागी चांगलं मिळतं, आमच्याकडं आईच्या चुलीवर ते चढत नाही. दारू आणून गाडीत बसून पण चालणार नाही, बाजारात बाया-पोरं असतात, एकदा सांगू, दुसऱ्यांदा फाटक उघडून देऊ.

आमच्या शेतातला माल किंवा घरचे पापड-बिबडे तिथं विकता येतील का?

माल स्वतःच्या शेतातला असेल अन् विकायला घरातलंच कुणी बसणार असेल तर या. आडतीतून आणून इथं बसलेलं लगेच कळतं, सगळ्यांना सगळ्यांची शेतं माहीत आहेत. जागेचं भाडं नाही, बाजार उठल्यावर आपली जागा झाडून जायची.

पापड, बिबडे, कुरडया, लोणचं, मसाला यासाठी ताई, आधी एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचं, रजिस्ट्रेशन काढा. वर्षाची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, साधं रजिस्ट्रेशन पुरतं, ऑनलाइन होतं. सायबर कॅफेवाले यासाठी वाटेल ते पैसे सांगतात, घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा, तो करून देईल. पाकिटावर काय घातलंय, वजन, बनवल्याची तारीख अन् किती दिवस टिकेल ते लिहा. बचत गटाच्या बायकांना आमच्याकडं पहिली ओळ देतो कारण त्यांच्याकडं गर्दी होते अन् गर्दी झाली की मागच्यांचं पण खपतं.

बुकिंग लागतं का? वाढदिवस करता येईल का?

चार-पाच माणसं असाल तर नाही, भरिताच्या सीझनचे रविवार सोडून. दहाच्या वर असाल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगा, कारण कळणा दळायला टाकावा लागतो. वाढदिवस करा, केक बाहेरून आणा, पण ते कागदाचे तुकडे उडवणारे पॉपर नको, ते केळीच्या बुंध्याशी जाऊन बसतात अन् वर्षभर निघत नाहीत. डीजे नाही.

जेवण केळीच्या पानावरच का?

पान शेतात आहे म्हणून. जेवण झालं की पान अन् उरलेलं खताच्या खड्ड्यात जातं. पण पानावर रस्सा वाहतो हे खरं आहे, म्हणून रश्शाला वाटी देतो. ज्यांना ताटच हवं त्यांना ताट.

ताटात टाकू नका एवढं मात्र म्हणेन, हवं तेवढं परत वाढू.

पार्सल मिळेल का?

भरीत, ठेचा, फुणके मिळतील, स्वतःचा डबा आणलात तर बरं. शेवभाजी रस्सा वेगळा, शेव वेगळी देऊ. भाकरी पार्सल देत नाही, एक तासात तिची चामड्यासारखी वादी होते अन् बदनामी आमची. भरीत त्याच दिवशी खा, फ्रिजमध्ये ठेवून तिसऱ्या दिवशी खाल्लंत तर पोटाचं आम्हाला विचारू नका.

कसं यायचं? जवळ बघायला काय आहे?

रेल्वेनं भुसावळ जंक्शन, तिथून तापीचा पूल ओलांडून यावल. चोपड्याकडून किंवा रावेर-सावदा-फैजपूरकडून येणाऱ्यांना अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता. लोकेशन मागा, पाठवतो, पण मॅप शेवटच्या टप्प्यात एका विहिरीपाशी नेऊन सोडतो, तिथून डावीकडं न वळता सरळ या.

सकाळी मनुदेवीला जाऊन येता येतं, सातपुड्याच्या कुशीत देऊळ आहे अन् पावसाळ्यात मागं धबधबा पडतो. आणखी वेळ असेल तर रावेर तालुक्यातलं पाल, हे सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण. अजिंठा अन् आमचं जेवण एकाच दिवसात बसवायचं म्हणणारे असतात, ते जळगावच्या दुसऱ्या बाजूला आहे, होतं कसंबसं, पण लेणी घाईत बघावी लागतात अन् इथं पोचेपर्यंत भाकऱ्या संपलेल्या असतात.

यूपीआय चालतं का?

चालतं, रेंज असेल तेव्हा. बाजारातल्या म्हाताऱ्या आज्यांकडं मात्र सुटे पैसे आणा, त्यांच्या नातवाच्या फोनवर पैसे टाकले की ते आजीला मिळतात का नाही देव जाणे.

शेतात फिरता येईल का? वांगी स्वतः तोडता येतील?

फिरा. तोडायची असतील तर आमच्यातला कुणीतरी सोबत घ्या, कारण वांग्याच्या देठाला काटे असतात अन् झाड ओढलं की फांदीच मोडते. हुरड्याच्या दिवसांत, साधारण जानेवारीत, दादरीची कणसं भाजून देतो, ती मात्र तुम्ही हातावर चोळून खायची. कुत्रा आणायचा असेल तर बांधून, इथले दोन कुत्रे पाहुण्यांशी चांगले वागतात, पाहुण्यांच्या कुत्र्यांशी नाही.

फोन उचलत का नाही?

अकरा ते तीन कुणाचाच हात मोकळा नसतो, पिठाचे नाहीतर काजळीचे असतात. मेसेज टाकून ठेवा, चारनंतर उत्तर येतं. "हाय" एवढंच लिहून थांबू नका, किती माणसं, कोणत्या दिवशी, काय चालत नाही हे एकाच मेसेजमध्ये लिहा.

सोमवारी चालू असतं का?

नाही. सोमवारी आम्ही पण शेतात असतो.